कुत्र्याच्या वतीनं हूं

भातमावशी दिवसभरात फार तर वीस-पंचवीस वाक्यं बोलत असेल. बाकीचा सगळा कारभार ती 'हूं'वर चालवायची. तिच्याकडे हूं किती प्रकारचे होते ते मोजायचा मी एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. शाळेच्या बाई वरून आलेला नवा आदेश वाचून दाखवायच्या, त्याला मिळणारा हूं आखूड असे, दार लोटून घेतल्यासारखा. गुडघा फोडून रडत आलेल्या पोराला मिळणारा हूं लांब असे आणि तो संपेपर्यंत पोराचं रडणंही संपत आलेलं असे. मी काही समजावून सांगायला लागलो की मला मिळणारा हूं या दोन्हींपेक्षा वेगळा होता. तो कौतुकाचा आहे असं मी बरेच महिने धरून चाललो होतो. पुढे कधीतरी तिनंच खुलासा केला, "तुमी बोलत असलात का माजे तांदूळ निवडून होतात. म्हनून म्हनते हूं."

कर्जतहून चार-पाच किलोमीटर आत, भातखाचरांच्या मधोमध, जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. तिथं ती मुलांचं दुपारचं जेवण रांधायची. हजेरीपत्रकावर तिचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते महिन्यातून एकदा सहीपुरतं बाहेर येई. एरवी ती भातमावशी. बुटकी, अंगानं आटोपशीर, पदर कमरेला घट्ट खोचलेला. वाढताना ती ताटाकडे बघतच नसे, पोराच्या तोंडाकडे बघे. "तुजं पोट दुकतंय, आमटी नको घेऊस." "तू घरनं भांडून आलाईस, बस हितं माज्याजवळ." कोणी तक्रार घेऊन आलं तर तिचं एकच उत्तर ठरलेलं, "आदी जेव, मंग सांग." जेवून झाल्यावर सांगण्यासारखं बहुधा काही उरलेलं नसायचं.

आता माझी ओळख करून द्यायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी रसायनीच्या एका कारखान्यात तीस वर्षं मालाची तपासणी करत होतो. समोर आलेल्या नमुन्यात खोट शोधायची आणि 'नापास'चा शिक्का मारायचा, हा माझा पगारी धंदा. मोहोपाड्याच्या स्टाफ कॉलनीत राहून तीस वर्षांत हा धंदा माझ्या अंगात इतका मुरला की चहाचा पहिला घोट घेण्याआधी मी तो उजेडात धरून बघतो. निवृत्त होऊन आम्ही कर्जतला लागून भिसेगावात फ्लॅट घेतला तेव्हा बायको म्हणाली, "समाजसेवा करा. करा म्हणजे कराच. पण घराबाहेर." तेव्हा मी जुनी पुस्तकं गोळा करून शाळांना वाटू लागलो आणि अशा माणसांचं जे होतं तेच माझं झालं. लोक मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवू लागले.

असाच पाहुणा म्हणून मी त्या शाळेत गेलो होतो. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि तिसरीतली सर्वांत चांगलं वाचणारी मुलगी माझ्यापुढे उभी केली. सानिका तिचं नाव. तेल लावून घट्ट दोन वेण्या, नवी रिबीन. तिनं चार ओळी वाचल्या आणि तेवढ्यात मी तिला पाच वेळा अडवलं. "जरा मोठ्यानं." "पूर्णविरामाला थांबायचं असतं, बाळ." "पाय जुळव." "हा शब्द नीट म्हण." आणि शेवटी, "हं, आता पुन्हा पहिल्यापासून." वर्ग हसला. मीही हसलो, पाहुण्यानं खेळीमेळीनं वागावं म्हणून. मुलीनं पुस्तक मिटलं आणि ती जाग्यावर जाऊन बसली. त्यानंतर मुलांमध्ये वाचनाची गोडी कशी लावावी या विषयावर मी अर्धा तास बोललो आणि पोटभर जेवून घरी आलो.

वर्षभरानं पुस्तकांचा दुसरा गठ्ठा घेऊन गेलो तेव्हा शाळेवर नव्या बाई आल्या होत्या. त्या सहज बोलता बोलता म्हणाल्या, "चौथीत एक मुलगी आहे. लिहिते सुंदर, मनात वाचते भराभर, पण मोठ्यानं एक अक्षर वाचत नाही. मागे कोणी पाहुणे आले होते म्हणे, त्यांनी तिला सगळ्यांसमोर फार टोकलं. तेव्हापासून तोंड बंद." मी म्हणालो, "काय एकेक माणसं असतात!" हे मी खरोखरच म्हणालो, आणि वर मानही हलवली. बाई पुढे म्हणाल्या, "आमच्याकडे शाळा चौथीपर्यंतच. पुढच्या वर्षी ती कर्जतला मोठ्या शाळेत जाईल. तिथं एवढ्या गर्दीत ही गप्पच राहिली तर कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही हो." घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. वर्ष संपायच्या आत त्या मुलीला पुन्हा मोठ्यानं वाचतं करायचं, असं मी ठरवलं. आपणच तो पाहुणा, हे मात्र कोणाला सांगायचं नाही, असंही ठरवलं.

उपाय मला मोबाइलवर सापडला. परदेशात म्हणे अडखळणारी मुलं कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवतात. कुत्रा हसत नाही, टोकत नाही, घाई करत नाही. मुलांची भीड चेपते. मी तो लेख तीनदा वाचला. आमच्याकडे कुत्रा होताच. मुलगा परदेशी जाताना त्याचा लॅब्रेडॉर आमच्याकडे ठेवून गेला होता. ब्रुनो, अंगानं म्हशीच्या पारड्याएवढा आणि स्वभावानं गरीब. मी कामाला लागलो. त्याला आंघोळ, नखं, लशीचं कार्ड, मुलांसाठी चटया, आणि सर्वांत आधी एक फलक, 'श्वान-साहाय्यित वाचन उपक्रम'. फलक ब्रुनोच्या दुप्पट लांब झाला. तो शाळेच्या व्हरांड्यात बांधताना भातमावशी पलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून बघत होती. हेच तिचं स्वयंपाकघर.

"काय ल्हिवलंय?" तिनं विचारलं.

मी तिला सगळी कल्पना समजावून सांगितली. मुलं वाचणार, कुत्रा ऐकणार.

"कुत्रा काय करनार?"

"ऐकणार."

"आनि मान्सांच्या कानांना काय झालंय?"

यावर माझ्याकडे लेखातलं उत्तर तयार होतं. ते मी दिलं. मला तो ठरलेला हूं मिळाला.

पहिल्या दिवशी मुलं ब्रुनोभोवती गोल करून बसली, पण वाचेना कोणीच. सानिका तर गोलाच्या बाहेर, नळाजवळ ताट धूत बसलेली. मी दुसऱ्या एकीच्या हातात पुस्तक दिलं. तिनं ब्रुनोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक परत केलं. "सर, याला मराठी येत नाय."

सगळ्या मुलांनी माना डोलावल्या. त्यांचं बरोबर होतं. शाळेत आल्यापासून मी ब्रुनोशी एक शब्द मराठीत बोललो नव्हतो. 'सिट, ब्रुनो. स्टे. नो, नो. गुड बॉय.' हे असं का, ते मला आजही सांगता येणार नाही. आम्ही नवराबायको मराठीत भांडतो, देवाला मराठीत साकडं घालतो, रस्त्यावरच्या कुत्र्याला अस्सल मराठीत हाड म्हणतो. पण लॅब्रेडॉर दारात आला की आमची दातखीळ बसते आणि ती उघडते ती इंग्रजीतच. मुलांना वाटलं, साहेबाचा कुत्रा आहे, आपलं वाचणं त्याला काय कळणार, आणि कळलं तर तो हसेल. म्हणजे मुलांची भीड मोडायला मी जो प्राणी आणला, त्याचीच त्यांना माझ्याहून जास्त भीड वाटू लागली. एका धीट मुलानं इंग्रजीच्या पुस्तकातून त्याला फळांची नावं वाचून दाखवली. तेवढ्यात शेडमधून आमटीचा वास आला आणि ब्रुनो चटईसकट तिकडे निघून गेला.

"तुमच्या सायबाला आदी आपली भाषा शिकवा," मावशी त्याच्यापुढे भाताचा गोळा टाकत म्हणाली.

मी तेही करून पाहिलं. आठवडाभर घरी 'बस रं, ब्रुनो', 'थांब रं' चाललं होतं. ब्रुनो हताशपणे बायकोकडे बघे. शेवटी बायकोनं हळूच त्याला 'सिट' म्हटलं आणि तो एवढ्या आनंदानं बसला की माझ्या मराठी शिकवणीचा तिथंच निकाल लागला.

शाळेचा स्वतःचा कुत्रा होता, म्हणजे कुत्री. भाताच्या टोपाच्या तळाला जी करपलेली खरवड राहते, तिच्यावर वाढलेली, म्हणून तिचं नावच खरवड. रंग तोच, पिवळट तपकिरी. एक कान उभा, एक मोडलेला. दिवसभर शेडच्या सावलीत आडवी पडलेली असायची. मावशी म्हणाली, "हिला वाचून दाकवा. ही हितलीच हाय. हिला समदं कळतं."

मी हसलो. असं कसं चालेल? उपक्रमाचे काही नियम असतात. लस हवी, स्वभावाची चाचणी हवी. मावशीनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी खरवडीला जुन्या टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षात बसली. कर्जतच्या डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा खरवडीचं तोंड मावशीच्या काखेत होतं आणि मावशी तिला लांब हूं देत होती. मग चाचणी. कुत्र्याच्या मागे अचानक मोठा आवाज करावा आणि तो बिथरतो का पाहावं, असं मी वाचलं होतं. मी टोपाचं झाकण उंच धरून सोडलं. ते माझ्याच पायावर पडलं आणि ओरडलो मी. खरवडीनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. रोज शंभर भांडी आपटतात त्या शेडमध्ये. त्या चाचणीत नापास कोण झालं ते वेगळं सांगायला नको. हट्टानं मी तिच्यासाठी गळ्यात अडकवायचं ओळखपत्र केलं, फोटोसकट, हुद्दा 'श्रोता'. मावशी म्हणाली, "आता हजेरी पन घ्या हिची."

खरवडीपुढे मुलं लगेच बसली. दुसरीतल्या एका मुलानं वाचायला सुरुवात केली, दोन ओळी झाल्या आणि तो थांबला. "सर, ही झोपली." मी घसा साफ करून सांगू लागलो की कुत्रा डोळे मिटूनही ऐकत असतो, त्याच्या श्रवणेंद्रियांची रचनाच अशी असते वगैरे. तेवढ्यात मागून आवाज आला, "हूं."

मावशी आमच्याकडे पाठ करून बसली होती, सुपात तांदूळ घेऊन.

"मावशी, तू कशाला हूं म्हनतेस?" मुलानं विचारलं.

"मी कुटं? ती म्हनते. तिला बोलता येत नाय, म्हनून तिच्या वतीनं मी म्हनते. तू वाच."

मुलानं पुढची ओळ वाचली. हूं आला. त्याच्या पुढची वाचली. हूं आला. मावशीच्या लहानपणी खळ्यावर भात झोडून झालं की बाया गोष्टी सांगत आणि एकीनं हूं म्हणायचा हे ठरलेलंच असे. मावशी म्हणायची, "सांगनारीला कळाया नको, का कोन तरी संगं येतंय? हूं थांबला का गोष्ट तितंच बसून ऱ्हाते." माझ्या लेखात याबद्दल एक अक्षर नव्हतं. परदेशातल्या कुत्र्यांचं हूंवाचून कसं निभत असेल कोण जाणे.

उपक्रम असा चालू झाला आणि तो माझा आहे असं मी सगळ्यांना सांगत होतो.

सानिका यायची नाही, पण ताट धुवायला तिला रोज जास्त वेळ लागू लागला. एवढं घासून ताटाला भोक कसं पडलं नाही याचं मला नवल वाटतं. मग एक दिवस ती खरवडीशेजारी येऊन बसली, मिटलेलं पुस्तक घेऊन. मी पुढे सरसावलो तशी मावशीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मागे झालो, शेडच्या कोपऱ्याआड. चार दिवस ती नुसतीच खरवडीच्या पाठीवर हात ठेवून बसे. पाचव्या दिवशी तिनं पुस्तक उघडलं. आठवड्याच्या बाजाराला निघालेल्या एका कासवाची गोष्ट होती, मीच दिलेल्या आणि देण्याआधी ओळ न ओळ तपासलेल्या पुस्तकातली. आवाज एवढा बारीक की मला पत्र्याला कान लावावा लागला. पण ती वाचत होती. एकेका ओळीला मावशीचा हूं येत होता, आणि दुसऱ्या पानावर तो आवाज जरा वर आला.

त्या पानावर तिनं मधली एक ओळ गाळली.

मी काय सांगू? तीस वर्षांची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "एक ओळ सुटली!"

पुस्तक मिटलं. खरवडसुद्धा उठून उभी राहिली. सानिका वर्गात निघून गेली, धावत नाही, चालत. आणि ते चालणंच मला जास्त लागलं. मावशी सूप घेऊन उठली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता हूं मिळेल. तोसुद्धा मिळाला नाही.

"तुमाला चुका काडायच्या हायत ना? ह्या घ्या." तिनं सूप माझ्या हातात दिलं. "ह्यात खडे हायत. किती पन काडा. पोरींच्या तोंडातनं नका काडू. हितं बसायचं, तिकडं पाठ करून. तोंड उगडायचं नाय." तिच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं मी ना आधी ऐकली ना नंतर.

मी बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. खडे काढण्यात माझा हातखंडा निघाला, हे मला सांगितलंच पाहिजे. मावशीसुद्धा म्हणाली, "हां, हे काम तुमचं." पण सानिका आली नाही. तीन दिवस झाले, पाच झाले. मावशीनं तिला एकदाही बोलावलं नाही. ती नुसती खरवडीला ऐकू जाईल असं म्हणे, "आज पन कासव तितंच हाय गं, रस्त्यात."

सहाव्या दिवशी तांदूळ निवडता निवडता माझ्याच्यानं राहवेना. मी मान वर न करता म्हणालो, "मावशी, मागच्या वर्षी तिला सगळ्यांसमोर टोकणारा तो पाहुणा मीच."

"ठावं हाय."

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगंल? त्या दिशी तुमाला भात मीच वाडला. दोनदा घेतलात तुमी. पोरीनं घासबी खाल्ला नव्हता."

एवढंच बोलून ती पुन्हा तांदळाला लागली. मला त्या वेळी इतकी लाज वाटली की सुपातलं काही दिसेना. सगळं माहीत असून या बाईनं मला इतके दिवस शेडमध्ये येऊ दिलं, चहा दिला, माझी भाषणं ऐकून घेतली. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?" ती म्हणाली, "तुमी आपनहून सांगाल असं वाटलं. म्हटलं, निगू दे."

त्यानंतर दोन दिवसांनी सानिका आली आणि कासव पुन्हा बाजाराच्या वाटेला लागलं. दोन पाठमोरी माणसं, एक सूप, एक आडवी कुत्री. दिवाळीनंतर तिचा आवाज शेडच्या बाहेर नळापर्यंत ऐकू यायला लागला. पण वर्गात ती अजून गप्पच होती आणि माझ्याशी तर एक शब्दही बोलत नव्हती. मी मावशीला घाई करून म्हटलं, "आता तिला वर्गात वाचायला लावू." मावशी म्हणाली, "भात उकळतोय तवर झाकन काडू नका."

थंडी सरत आली तेव्हा मावशी एके दिवशी आली नाही. मग कळलं, छातीत दुखू लागलं म्हणून लेकीनं तिला खोपोलीला दवाखान्यात नेलंय. मी भेटायला गेलो. पांढऱ्या चादरीखाली ती आणखीच लहान दिसत होती. मी नेहमीप्रमाणे आहार, व्यायाम, डॉक्टरांचं ऐकणं यावर बोलत सुटलो. हूं आला नाही. मी बोलायचा थांबलो.

"खरवडीच्या वतीनं कोन म्हनतं?" तिनं विचारलं.

"सध्या बंद आहे, मावशी. तुम्ही या, मग सुरू करू."

"सूप कुटं हाय?"

"शेडमध्येच. तुम्ही ठेवलंत तिथंच."

"मंग?" ती म्हणाली.

मी संत्री ठेवून आलो. चौथ्या दिवशी ती गेली.

मी फारसा रडणारा माणूस नाही. आमच्या धंद्यात रडून चालत नसे. पण तिच्या अंत्ययात्रेत शाळेची सगळी पोरं रांगेनं चालत होती, ताटाला उभी राहायची तशी, लहान पुढे आणि मोठी मागे, कोणी न सांगता. ते पाहून मला रडू आलं ते आवरेना. खरवड रांगेच्या शेवटी होती. तिच्या गळ्यात ते माझं मूर्ख ओळखपत्र अजून लटकत होतं.

मावशीच्या जागी नवी बाई नेमली जाईपर्यंत गावातल्या बाया पाळीपाळीनं येऊन भात रांधत. शेडच्या सावलीतली जागा रिकामीच होती. खरवड तिथं पडून असे, पण चटईवर कोणी येत नसे. सानिका ताट धुवायची, लवकर धुवायची, आणि वर्गात जायची. वार्षिक परीक्षेला महिना राहिला होता. रोज मी व्हरांड्यात उभा राहून काहीतरी उपाय योजत होतो. दुसरा फलक लावावा असंसुद्धा एकदा मनात आलं.

आणि एक दिवस, दुसरं काही सुचेना म्हणून, मी शेडमध्ये गेलो, सुपात तांदूळ घेतले आणि तिकडे पाठ करून बसलो. तिनं 'मंग?' म्हटलं होतं त्याचं उत्तर मला एवढंच येत होतं.

बराच वेळ खडेच निवडत होतो. मग मागे चटई सरकल्याचा आवाज झाला. पान उलटलं. सानिकानं कासवाच्या गोष्टीची पहिली ओळ वाचली आणि ती थांबली. नुसती थांबली. माझ्याजवळ सांगण्यासारखं खूप होतं. शाबासकी, सूचना, आठवणी, सगळं ओठांवर आलेलं. मी ते गिळलं आणि म्हणालो, "हूं."

तो इतका मोठा आणि खणखणीत निघाला की खरवड दचकून उठून बसली.

"सर," मागून आवाज आला. ती माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. "असा नाय. मावशीचा लांब होता. आनि हळू."

मी पुन्हा म्हणालो. "अजून जरा खालनं," ती म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांना दुरुस्त करणाऱ्या माणसानं तिसऱ्यांदा आवाज उतरवून हूं म्हटला. "हां," ती म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या," आणि तिनं पुढची ओळ वाचली.

मी हूं देत राहिलो आणि तिचा आवाज चढत गेला. पोरं ताटं हातात घेऊन शेडपाशी गोळा झाली, बाई व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. कोणी हसलं नाही. ती थांबली नाही. दुसऱ्या पानावर आल्यावर तिनं तीच मधली ओळ पुन्हा गाळली. ती गोष्ट मला एव्हाना तोंडपाठ झाली होती. सुपात एक खडा सापडला होता, तो मी उचलून बाजूला टाकला आणि म्हणालो, "हूं."